खोडलेली ओळ

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज कोणी काही लिहून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं.

तुमची टिपणं मी काल रात्री वाचत बसले. ३७ वह्या, एकही सोडली नाही. महिनाभराची मुदत दिली होती. एकच पुस्तक, आर्थर कॉनन डॉयलचं ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, प्रकरणं १५. ज्याला इंग्रजी जड जातं त्याने मराठी अनुवाद घ्यावा, त्यात कमीपणा नाही, हेही मीच सांगितलं होतं. आणि २१ वह्यांत एकच वाक्य, शब्द थोडे इकडचे तिकडे: शेवटी कुत्रा खराखुरा निघाला, भूत नव्हतंच, त्यामुळे निराशा झाली.

निराशा व्हायला आधी काहीतरी शोधत असावं लागतं. तुम्ही काय शोधत होतात? शेवटचं पान आधी कोणी कोणी उघडलं, हात वर करा. खरे हात. ठीक आहे, खाली करा. माना खाली घालायची गरज नाही, कारण माझा राग त्याबद्दल नाही. दुसऱ्यांदा वाचणाऱ्यालाही शेवट माहीत असतो, म्हणून तो कमी वाचक ठरत नाही. राग याचा आहे की शेवट कळल्यावर तुम्ही मागे फिरलाच नाहीत. स्टेपलटन खुनी आहे हे समजलं आणि तुम्ही पुस्तक मिटून मोबाइल हातात घेतलात. हे पुस्तक ‘द स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत हप्त्याहप्त्याने आलं. त्या पहिल्या महिन्यांतल्या वाचकाला शेवटचं पान उघडताच येत नव्हतं, ते छापलेलंच नव्हतं. त्याच्याकडे होता तो एक हप्ता आणि पुढचा महिनाभर वेळ. तो तेच तेच परत वाचत बसला असेल. तुमच्याकडे पुस्तक पुरं होतं आणि वाचन अर्धं.

आता साधा प्रश्न विचारते. सर चार्ल्स बास्करव्हिलला कशाने मारलं? बोला की. २१ जणांनी लिहिलंय, कुत्र्याने मारलं. त्याच्या अंगावर एक ओरखडा तरी होता का? नव्हता. डॉक्टरी तपासणीत हृदय निकामी झाल्याचं निघालं आणि तसाच निर्णय नोंदवला गेला. मग तो मेला कसा? हे तुम्हाला डॉयलने सांगितलेलं नाही, दाखवलेलं आहे, आणि ते बघायला वेळ द्यावा लागतो. यूच्या झाडांच्या उंच कुंपणांमधून जाणारी ती वाट. मध्ये माळाकडे उघडणारं लहान फाटक. त्या फाटकापाशी सिगारची राख दोनदा झडलेली. म्हणजे म्हातारा तिथे पाच-दहा मिनिटं कोणाची तरी वाट बघत थांबला होता. फाटकापासून पुढे त्याच्या पावलांचे ठसे बदललेले, चवड्यावर चालल्यासारखे. गावातल्या माणसांना वाटलं, दबक्या पावलांनी गेला. होम्सला कळलं की तो जिवाच्या आकांताने धावत होता. धावणाऱ्याची टाच टेकत नाही. आणि धावला कुठे? घराकडे नाही, घरापासून दूर! ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो दिव्याकडे, दाराकडे पळतो. याचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं, कारण समोर जे आलं ते त्याला आधीपासून माहीत होतं.

ते कुठून माहीत होतं? १७४२ सालच्या त्या हस्तलिखितातून. दुष्ट पूर्वज ह्यूगो, त्याने पळवून आणलेली मुलगी, माळावर त्याच्या गळ्याशी बसलेला तो प्रचंड काळा प्राणी. ते प्रकरण तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, वह्यांत रंगवून रंगवून लिहिलंय, दोघांनी तर चित्रंही काढली आहेत. पण ती गोष्ट म्हणजेच खुनाचं हत्यार आहे, हे एकानेही लिहिलेलं नाही. स्टेपलटनला ही दंतकथा कोणी सांगितली? खुद्द सर चार्ल्सने. त्याचं हृदय कमकुवत आहे हे कोणी सांगितलं? त्याच्या डॉक्टरने. खुन्याला फक्त एक मोठा कुत्रा विकत घ्यायचा होता आणि अंधाराची वाट बघायची होती. बाकीचं काम त्या घराण्याने दीडशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच पोरांना ती गोष्ट सांगून करून ठेवलेलं होतं. तुम्ही ती गोष्ट वाचलीत आणि अंगावर काटा आला म्हणून खूश झालात. काटा यायलाच हवा, मलाही येतो. पण काटा आल्यावर वाचणं थांबवायचं असतं का? सर चार्ल्सचंही तेच झालं, त्याचा विचार भीतीपाशी थांबला.

आता डॉ. मॉर्टिमर. तुमच्या वह्यांत तो ‘होम्सकडे आलेला डॉक्टर’ एवढाच आहे. या माणसाने प्रेतापासून थोड्या अंतरावर प्रचंड कुत्र्याच्या पायांचे ताजे ठसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आणि मृत्यूची चौकशी झाली तेव्हा तो गप्प बसला! का? विज्ञान शिकलेल्या माणसाने गावठी समजुतीला दुजोरा दिला असं दिसू नये म्हणून. नीट ऐका. ठसा मातीत होता. ठसा भुताचा नसतो, ज्याला वजन आहे त्याचाच ठसा उमटतो, आणि होम्स त्याला नेमकं हेच सुनावतो. खुनाचा सर्वांत मोठा पुरावा एका शिकलेल्या माणसाने लाजेपोटी दडवला. अडाणी लोक घाबरून पुरावा बघत नाहीत आणि शिकलेले लोक हसतील म्हणून बघितलेला पुरावा सांगत नाहीत. त्या माळावर दोघांनी मिळून खुन्याची सोय केली. पुस्तकातलं हे माझ्या मते सगळ्यांत भेदक पान आहे, आणि ३७ वह्यांत त्यावर एक ओळ नाही.

बूट. बुटांविषयी किती जणांनी लिहिलं? चौघांनी, तेही ‘हेन्रीचा बूट चोरीला जातो’ एवढंच. लंडनच्या हॉटेलात सर चार्ल्सचा वारस सर हेन्री याचा एक बूट जातो. तपकिरी, कोरा, पायात न घातलेला. मग जुना काळा बूट जातो आणि तो तपकिरी परत सापडतो. एकच बूट चोरून कोणी काय करणार? आणि नवा परत देऊन जुना का न्यावा? तिथे दोन मिनिटं थांबला असतात तर उत्तर तुमच्याच हाताला लागलं असतं. नव्या बुटाला माणसाचा वास नसतो. ज्याला वास हवा आहे त्याला नाक आहे, आणि भुताला कोणाचा जुना बूट हुंगावा लागत नाही. म्हणजे तो कुत्रा हाडामांसाचा आहे, त्याला कोणीतरी पाळलंय, आणि तो कोणीतरी इथे लंडनमध्ये येऊन गेलाय. हे सगळं पाचव्या प्रकरणापर्यंत! माळ अजून दिसलेला नाही, दलदल दिसलेली नाही, रात्रीचं ते लांबलचक रडणं ऐकू आलेलं नाही, आणि लेखकाने भुताचा निकाल तुमच्यासमोर उघडा ठेवलाय. वर पुढची प्रकरणं तो तुम्हाला घाबरवत राहतो. कारण पुरावा असूनही माणूस घाबरतो की नाही, हेच त्याला बघायचंय. शेवटी फसवणूक झाली असं लिहिणाऱ्यांनी सांगा, तुम्हाला कोणी फसवलं?

हसू नका. ज्यांना वाटतंय की आपण त्या २१ जणांत नाही, त्यांच्याकडे आता वळते. नऊ वह्यांत लिहिलंय: ‘भूत नसणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं, कारण ही शेरलॉक होम्सची कथा आहे.’ पहिल्यापासून माहीत होतं! कशावरून? मुखपृष्ठावरून? हा तर्क नाही, हा आळस आहे, आणि भुतावर विश्वास ठेवणाऱ्याच्या आळसापेक्षा तो मला जास्त खटकतो, कारण याला शहाणपणाचा डगला चढवलेला आहे. खुद्द होम्स असं म्हणत नाही. तिसरं प्रकरण परत वाचा. निसर्गाच्या नियमांपलीकडचं काही असेल तर आमचा तपास तिथेच संपला, पण त्याआधी दुसरी प्रत्येक शक्यता तपासून संपवायला आम्ही बांधलेले आहोत, या अर्थाचं तो बोलतो. तो दार आधीच लावून घेत नाही. तपासून, एकेक करून लावतो. तुम्ही बाहेरूनच कुलूप घातलंत आणि किल्ली खिशात टाकून वर ‘माहीत होतं’ म्हणता.

आणि तुमच्यासारख्यांसाठी लेखकाने वेगळा सापळा लावलाय, त्यात तुम्ही नऊच्या नऊ सापडलात. वॉटसन माळावर पहिल्यांदा तो आवाज ऐकतो तेव्हा शेजारी कोण उभा आहे? फुलपाखरांची जाळी घेतलेला, हसतमुख, शिकलेला स्टेपलटन. आणि तोच सांगतो की दलदलीतून चित्रविचित्र आवाज येतात, चिखल खाली बसत असेल, पाणी वर येत असेल, किंवा एखादा दुर्मीळ पाणपक्षी ओरडला असेल. किती शास्त्रीय, किती समजूतदार! आणि साफ खोटं. तो आवाज त्याच्याच कुत्र्याचा आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पुस्तकातला खुनी स्वतः बुद्धिवाद्याच्या आवाजात बोलतो. ‘भूतबित काही नसतं’ एवढं वाक्य कोणी म्हटलं की तुम्ही त्याच्या बाजूला जाऊन बसता. मग जो माणूस शांतपणे, शिकल्यासारखा बोलतो तो काहीही तुमच्या गळी उतरवेल.

यातल्याच तिघांनी पुढे लिहिलंय की डॉयल हा अंधश्रद्धेच्या विरोधात होता. हे कुठे वाचलंत? कुठेच नाही. पुस्तकावरून माणूस ठरवलात. तर ऐका. यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ली गावी १९१७ मध्ये दोन मुलींनी बागेतल्या पऱ्यांचे म्हणून फोटो काढले. डिसेंबर १९२० मध्ये त्याच ‘स्ट्रँड’ मासिकात ते फोटो खरे मानून लेख आला. लेखक आर्थर कॉनन डॉयल. १९२२ मध्ये त्याने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलता येतं हे जगाला पटवण्यात घालवली. त्या पऱ्या पुठ्ठ्यावरून कापून उभ्या केल्या होत्या, हे त्या दोघींनी १९८३ मध्ये कबूल केलं, तोवर डॉयलला जाऊन ५३ वर्षं झाली होती. हे सांगते आहे ते त्या माणसाला हसण्यासाठी नाही, कोणी हसलेलं मला चालणार नाही. त्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुलगा गमावला होता, पाठोपाठ भाऊ गमावला होता. पण बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. एवढी श्रद्धा असूनही १९२४ मध्ये छापून आलेली ससेक्सच्या रक्तपिपासूची कथा लिहिताना त्याने होम्सच्या दारात भुताला पाऊल ठेवू दिलं नाही. स्वतःचा विश्वास एकीकडे आणि वाचकाशी केलेला करार एकीकडे, ही शिस्त त्याने पाळली. तुम्हाला दोन तासांच्या वाचनात स्वतःची आवड बाजूला ठेवता आली नाही.

करार म्हटलं ते मुद्दाम. तुमच्यातले बरेचजण घरी नारायण धारप वाचता, मला माहीत आहे, आणि वाचा, धारप मोठे लेखक आहेत. पण त्यांच्या भयकथेत अमानवी शक्ती खरी असते आणि ते पहिल्या पानापासून तसं कबूल करून तुम्हाला आत नेतात. तिथे ‘शेवटी खुनी माणूस निघाला’ असं झालं असतं तर तुमची तक्रार रास्त होती. बास्करव्हिलकडे धारपांचं मागायला गेलात, तर दोघांवरही अन्याय केलात. रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात अलौकिक शक्तीला साफ मनाई आहे. हा नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होता, देव आणि चमत्कार मानणारा. चेस्टरटनच्या कथांमधला गुप्तहेर फादर ब्राउनही पाद्रीच, आणि भुताखेताचा देखावा पहिला कोण ओळखतो तर तोच. मानणारी माणसंसुद्धा खुनाचा हिशेब इथल्या इथे मांडतात. हा नियम मोडलेला बघायचा असेल तर जॉन डिक्सन कारचं १९३७ सालचं ‘द बर्निंग कोर्ट’ वाचा. त्याबद्दल याहून एक शब्द जास्त सांगणार नाही. आणि त्याचं शेवटचं पान आधी उघडलंत तर मला तोंड दाखवू नका.

आता तू. चौथ्या बाकावरची. उभी राहा.

तुझ्या वहीत पान भरून सारांश आहे, अक्षर सुंदर आहे, शुद्धलेखनाची चूक नाही. आणि खाली एक ओळ पेन्सिलने लिहून खोडलेली आहे. खोडरबराने अक्षर जातं, कागदावरचा दाब जात नाही. मी दिव्याखाली वही तिरकी धरून ती वाचली. तू लिहिलं होतंस: ‘अंधारात चकाकावा म्हणून फॉस्फरसचा लेप लावल्यावर कुत्रा भाजला नसता का?’

का खोडलंस?

‘बाई, पुस्तकात तसं आहे म्हणून’? पुस्तकात आहे म्हणून! सगळ्या वर्गात माझा सर्वांत जास्त राग तुझ्यावर आहे, आणि का ते सांगते. सोडियम रॉकेलमध्ये ठेवतात आणि फॉस्फरस पाण्याखाली, हे या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगाल. पाण्याखाली का ठेवतात? कारण पिवळा फॉस्फरस हवेत नुसता चकाकत नाही, साधारण तिशीच्या पुढच्या तापमानाला पेट घेतो. आणि कुत्र्याच्या अंगाचं तापमान किती? ३८ अंशांच्या वर. मग तो लेप त्या जबड्यावर, डोळ्यांभोवती, छातीवर लावला असता तर काय झालं असतं? कुत्रा माळावरून शिकार करत धावला नसता, वेदनेने लोळला असता. लेखक म्हणतो, खास तयार केलेला लेप, वास नसलेला, म्हणजे कुत्र्याचं नाक चालू राहावं. फॉस्फरसला लसणीसारखा वास येतो. कथा घडते १८८९ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये काड्यापेट्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला होता, आणि त्यांच्या जबड्याची हाडं कुजायची ती याच फॉस्फरसने. डॉयल एडिंबरात शिकलेला डॉक्टर होता, त्याला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. त्याला अंधारात जळणारा जबडा हवा होता, म्हणून त्याने तिथे रसायनशास्त्राला बाजूला सारलं.

याचा अर्थ पुस्तक टाकाऊ ठरतं का? मुळीच नाही. याचा अर्थ असा की ३७ जणांत तू एकटीने लेखकाची तीच परीक्षा घेतलीस जी लेखकाने होम्सला घ्यायला शिकवली. दंतकथा तपासायची, डॉक्टर तपासायचा, फुलपाखरंवाला तपासायचा, आणि मग हे सगळं सांगणाऱ्यालाही तपासायचं. ते तू केलंस आणि पुसून टाकलंस. मॉर्टिमरने काय केलं होतं? ठसा पाहिला आणि गप्प राहिला. कळलं का मी एवढी का चिडले आहे? बस. रडायचं नाही. शाईने लिही ती ओळ, आत्ता, माझ्यासमोर.

आणि एकदा ते दार उघडलंच आहे तर बाकीच्यांनीही आत या. मॉर्टिमर पहिल्या भेटीत होम्सच्या कवटीकडे बघून हरखतो, कवट्या मोजून माणूस कळतो असं त्याला वाटतं. पळालेल्या कैद्याचं, सेल्डनचं वर्णन बघा: चेहऱ्यावरूनच तो जनावर ठरवून टाकलाय. आणि तेरावं प्रकरण. होम्स ह्यूगोच्या चित्रावरची टोपी आणि केस हाताने झाकतो आणि खाली स्टेपलटनचा चेहरा निघतो. तिथे तुम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होता, वह्यांवरून दिसतंय. त्यावर होम्स सांगतो की पूर्वजाचं शरीरच नव्हे तर स्वभावही या वंशजात परत उतरलाय. म्हणजे ह्यूगोचं पाप रक्तातून खाली आलं! हस्तलिखित तरी दुसरं काय म्हणत होतं? घराण्याला शाप आहे, एवढंच ना? मग भूत पुढच्या दाराने हाकललं आणि मागच्या दाराने विज्ञानाचा कोट घालून आत घेतलं की नाही? मी याचं उत्तर देणार नाही. डॉयलच्या काळात पुष्कळ विद्वान असंच मानत होते, हे ध्यानात ठेवून तुम्ही ठरवा. पण प्रश्न मात्र तुमच्या वहीत दिसला पाहिजे.

टिपणं परत नेऊन ठेवा. मार्क दिलेले नाहीत, देणार नाही. पंधरा दिवसांनी दुसरी हवीत, आणि सारांश लिहिलेला दिसला तर वही न वाचता परत येईल. कोणी काय पाहिलं, कोणी काय सांगितलं आणि दोन्हीत फरक कुठे पडला, एवढंच लिहायचं. वॉटसनची पत्रं आणि डायरी यासाठीच आहेत, तो प्रामाणिक माणूस आहे आणि तरीही चुकतो. त्याच्या चुका शोधा. पानाचा क्रमांक घाला.

तासाची वीस मिनिटं उरली आहेत. पहिलं प्रकरण उघडा. तिथे दंतकथा नाही, माळ नाही, अंधार नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांनी ते उडवलंय. बेकर स्ट्रीटवरची सकाळ आहे आणि कोणीतरी विसरून गेलेली एक काठी आहे. काठीच्या मध्यावर दातांचे व्रण आहेत. त्या व्रणांच्या रुंदीवरून होम्स कुत्रा केवढा ते सांगतो, आणि मग तो कुत्रा दारात दिसतो. पुस्तकातला पहिला कुत्रा हा आहे, कुरळ्या केसांचा, बिचारा, धन्यामागून काठी तोंडात धरून चालणारा. शेवटच्या बाकापासून सुरू करा. मोठ्याने वाचायचं, हळू. आणि काठीचं वर्णन संपलं की थांबायचं, पुढे जायचं नाही. वॉटसनने काय ओळखलं ते नंतर बघू. आधी तुम्ही सांगायचं.